नेम कोणाचा चुकतो?

दिवाळीच्या सवलतीत घरात ५५ इंची टीव्ही येतो. जुना टीव्ही आतल्या खोलीत जातो आणि गेमिंग कन्सोल हॉलमधल्या नव्या टीव्हीला जोडला जातो. चित्र डोळे दिपवणारे असते, पण पहिल्याच संध्याकाळी काहीतरी बिनसते. दोन वर्षे तोच नेमबाजीचा गेम खेळणाऱ्या मुलाचे नेम हुकू लागतात. पडद्यावरची नेमाची फुली लक्ष्याच्या पुढे निघून जाते. मागे आणावी, तर जास्तच मागे येते. घरातली निदाने तयारच असतात. 'रात्री जागतोस, हात कसा स्थिर राहील?', 'एकदा डोळे तपासून घे.' हाच अनुभव चाळिशीतल्या बाबांना आला, तर ते स्वतःच निष्कर्ष काढतात, की आता वय झाले. टीव्हीबद्दल मात्र कुणाच्या मनात शंका येत नाही. तो नवा आहे, महाग आहे आणि चित्र तर झकास दाखवतो आहे.

प्रत्यक्षात अनेकदा दोष त्याचाच असतो. कन्सोलने पाठवलेले चित्र टीव्हीत पोचल्यापासून ते पडद्यावर उमटेपर्यंत जो वेळ जातो, त्याला 'इनपुट लॅग' म्हणतात. आजचा टीव्ही आलेले चित्र जसेच्या तसे दाखवत नाही. तो आधी ते साठवतो, मोठे करतो, त्यातले कण पुसतो, रंग आणि उजेड सुधारतो. चित्रपटातली हालचाल गुळगुळीत दिसावी म्हणून दोन चित्रांच्या मध्ये स्वतः तयार केलेले तिसरे चित्र घालतो. हे मधले चित्र बनवायचे, तर पुढचे चित्र हाती येईपर्यंत थांबावेच लागते. या सगळ्या खटाटोपात अनेक टीव्ही नेहमीच्या मोडमध्ये सुमारे १०० मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा दहावा भाग, मागे पडतात. त्याच टीव्हीत 'गेम मोड' सुरू केला, की हा उशीर बहुधा १० ते २० मिलिसेकंदांवर येतो. फरक एका सेटिंगचा असतो आणि त्याला पैसे पडत नाहीत.

मालिका किंवा सामना बघताना हा उशीर कुणाला जाणवत नाही, कारण चित्र आणि आवाज दोन्ही सारखेच मागे ठेवता येतात. बघणाऱ्याच्या हातात काही नसते. हातात कंट्रोलर आला, की गणित बदलते. म्हणूनच दुकानातल्या भिंतीवर ओळीने लावलेल्या टीव्हींमधून हा दोष कधीच ओळखता येत नाही. तिथे डोळ्यांची परीक्षा होते, हाताची होत नाही.

बदकांच्या गेमची बंदूक

नव्वदच्या दशकात भारतातल्या अनेक घरांत आठ-बिट 'टीव्ही गेम' होता. कॅसेट काढायची, फुंकर मारायची, पुन्हा लावायची, हा त्याचा विधी होता. त्याच्यासोबत प्लॅस्टिकची एक बंदूक यायची आणि तिने पडद्यावरची बदके टिपायची. निंटेंडोचा हा मूळ 'डक हंट' १९८४ सालचा. आज कुणी माळ्यावरून ती बंदूक काढून नव्या एलईडी टीव्हीला तो गेम जोडला, तर एकही बदक पडणार नाही.

कारण बंदुकीतून काहीच सुटत नव्हते. ती उलट प्रकाश टिपत होती. चाप ओढला, की पडदा क्षणभर काळा व्हायचा आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटायचा. बंदुकीच्या नळीतल्या सेन्सरला आधी अंधार आणि लगेच उजेड दिसला, तर नेम बरोबर. हा सगळा खेळ एक-दोन चित्रांच्या अवधीत, सेकंदाच्या काही साठाव्या भागांत, उरकायचा. पिक्चर ट्यूबच्या जुन्या डबा टीव्हीत येणारा संदेश थेट इलेक्ट्रॉनच्या झोताला हलवायचा, वाटेत साठवण नव्हती. आजच्या टीव्हीवर तो पांढरा चौकोन उमटेपर्यंत कन्सोलची तपासणी संपलेली असते. पडद्यांचे तंत्र बदलल्यामुळेही ती बंदूक आंधळी होते, पण एकटा उशीरही तिला निकामी करायला पुरेसा आहे.

त्या बंदुकीला निदान स्पष्ट 'नाही' म्हणता येत होते. माणसाचा मेंदू तसे म्हणत नाही. तो उशिरा आलेल्या चित्रावरही काम करत राहतो, फक्त वाईट करतो. निंटेंडोच्याच २००१ सालच्या 'सुपर स्मॅश ब्रदर्स मेली' या गेमचे पट्टीचे खेळाडू आजही स्पर्धांना जुने, जड डबा टीव्ही उचलून आणतात. बाहेरच्याला तो हट्ट वाटतो. त्यांच्या बोटांना मात्र त्यामागचे कारण ठाऊक असते.

गिझरचा नळ आणि नेम

'शंभर मिलिसेकंदांनी काय बिघडते? डोळ्याची पापणी लवायलाही त्याहून जास्त वेळ लागतो,' असा एक आक्षेप नेहमी घेतला जातो. त्याचे उत्तर न्हाणीघरात सापडते. गिझर लांब असेल, तर गरम पाणी नळापर्यंत यायला वेळ लागतो. पाणी गार वाटते म्हणून माणूस नळ आणखी फिरवतो. मग एकदम चटका बसतो, नळ उलटा फिरतो, पुन्हा गार. नळ फिरवणाऱ्याच्या हातात काही दोष नसतो. त्याला केलेल्या कृतीची खबर उशिरा मिळते आणि तोपर्यंत त्याने पुढची कृती केलेली असते.

कन्सोलवरचा नेम याच जातीचा आहे. संगणकाचा माउस जेवढा सरकवावा तेवढी फुली सरकते. कंट्रोलरच्या अंगठ्याखालची काडी मात्र फुलीचा वेग ठरवते. काडी कलती ठेवली, की दृश्य फिरत राहते आणि लक्ष्य आले, की ती सोडायची असते. कधी सोडायची, हे डोळे सांगतात. समजा दृश्य सेकंदाला १२० अंश वेगाने फिरते आहे. टीव्ही १०० मिलिसेकंद मागे असेल, तर डोळ्यांना लक्ष्य फुलीखाली दिसते तेव्हा खेळातली फुली १२ अंश पुढे गेलेली असते. पडद्यावर एका वेळी ८० अंशांचे दृश्य मावत असेल, तर ही चूक पडद्याच्या रुंदीच्या जवळजवळ सातव्या भागाएवढी झाली. उशीर १५ मिलिसेकंद असेल, तर चूक दोन अंशांहूनही कमी. ही चूक भरून काढायला काडी उलटी ओढली जाते आणि गिझरच्या नळासारखे हेलकावे सुरू होतात. गेम बनवणारे फुली लक्ष्याजवळ आपोआप थोडी मंदावेल अशी मदत देतात, पण ती मदतही उशिराच दिसते.

क्रिकेटच्या गेममध्येही हेच होते. ताशी १४५ किलोमीटर वेगाचा चेंडू सेकंदाच्या दहाव्या भागात सुमारे चार मीटर कापतो. म्हणजे पडद्यावर चेंडू टप्पा घेताना दिसतो, तेव्हा गेमच्या हिशेबात तो बॅटच्या अगदी जवळ आलेला असू शकतो.

यावर मोजमापही झालेले आहे. कॅनडातील स्कॉट मॅकेन्झी आणि कॉलिन वेअर या संशोधकांनी १९९३ मध्ये माउसने लक्ष्य गाठण्याच्या प्रयोगात मुद्दाम उशीर मिसळला. २२५ मिलिसेकंद उशिराला लक्ष्य गाठायचा वेळ ६४ टक्क्यांनी आणि चुका २१४ टक्क्यांनी वाढल्या. लक्ष्य जितके लहान आणि लांब, तितका उशिराचा फटका मोठा, हेही त्यात दिसले. २२५ हा आकडा अवास्तव वाटेल, पण टीव्ही हा साखळीचा शेवटचा दुवा असतो. सेकंदाला ३० चित्रे दाखवणाऱ्या गेमने बटण वाचून चित्र तयार करायला चार चित्रांचा अवधी घेतला, तर १३३ मिलिसेकंद तिथेच गेले. त्यात टीव्हीचे १०० मिळवले, की बेरीज २३३ होते.

मेंदू सांभाळून घेतो, पण किती?

मेंदू उशिराशी जुळवून घेतो, हे खरे आहे. २००६ मध्ये 'न्यूरॉन' या शोधपत्रिकेत आलेल्या एका प्रयोगात बटण दाबल्यानंतर दिसणारा प्रकाश सुमारे १०० मिलिसेकंद उशिरा दाखवला गेला. थोड्याच सरावात सहभागींच्या मेंदूने तो उशीर पोटात घातला. मग तो अचानक काढला, तेव्हा अनेकांना प्रकाश बटण दाबण्याच्या आधीच चमकल्याचा भास झाला. कृती आणि परिणाम यांच्यातले अंतर मेंदू घड्याळाने मोजत नाही, सवयीने मोजतो.

या गुणाला मर्यादाही आहेत. उशीर कायम तेवढाच असेल, तर सवय होते. तो कमीजास्त होत असेल, तर होत नाही. आतल्या खोलीतल्या मॉनिटरवर घडलेला हात हॉलमधल्या टीव्हीवर अडखळतो तो यामुळेच. शिवाय जुळवून घेणे म्हणजे उशीर नाहीसा होणे नव्हे. ओळखीचे लक्ष्य सरळ रेषेत चालत असेल, तर मेंदू थोडे पुढचे पाहून नेम धरतो. लक्ष्याने अचानक दिशा बदलली, तर ती बातमी शंभर मिलिसेकंद उशिराच येते आणि तिच्यावर कोणताही सराव चालत नाही. फोनवर स्वतःचाच आवाज किंचित उशिराने कानावर पडला, की भल्याभल्या वक्त्याची जीभ अडखळते. सुमारे २०० मिलिसेकंद उशिराने स्वतःचा आवाज ऐकवला, तर अस्खलित बोलणारेही तोतरे बोलू लागतात, हे १९५० च्या दशकापासून माहीत आहे. त्या माणसाला बोलता येत नाही, असे तेव्हा कुणी म्हणत नाही.

उशीर नेमका कुणाचा, हा प्रश्न विज्ञानाला नवा नाही. ग्रिनिचच्या वेधशाळेत १७९६ मध्ये राजज्योतिषी नेव्हिल मॅस्केलाइन यांनी डेव्हिड किनब्रूक या आपल्या सहायकाला कामावरून काढले. ताऱ्याने दुर्बिणीतली तार ओलांडल्याची त्याची नोंद मॅस्केलाइन यांच्या नोंदीपेक्षा सुमारे ०.८ सेकंद उशिरा पडत होती. पुढे जर्मन खगोलशास्त्रज्ञ बेसेल यांनी तपासले, तेव्हा दोन कसलेल्या निरीक्षकांच्या नोंदींतही असा फरक पडतो, हे दिसून आले. त्यातूनच माणसाच्या प्रतिक्रियेचा वेळ मोजण्याचे शास्त्र उभे राहिले. किनब्रूकची नोकरी मात्र गेली ती गेलीच. मोजण्याआधी माणसाला दोषी धरले, की असे होते.

आज तोच प्रकार घराघरांत लहान प्रमाणात चालतो. 'तुमची प्रतिक्रिया किती जलद?' असे विचारणाऱ्या चाचण्या लोक पडद्यावर देतात. निरोगी प्रौढ माणसाला दिसलेल्या खुणेला साधा प्रतिसाद द्यायला साधारण २०० ते २५० मिलिसेकंद लागतात. २२० मिलिसेकंदांत बटण दाबणाऱ्याने ही चाचणी १०० मिलिसेकंद मागे असलेल्या टीव्हीवर दिली, तर त्याचा आकडा ३२० येतो. साठीतला माणूस तो पाहून खचतो आणि पालक मुलाच्या एकाग्रतेची चिंता करू लागतात. पक्षाघातानंतर हाताची हालचाल परत यावी म्हणून काही ठिकाणी व्यायामात गेमचा आधार घेतला जातो. तिथे आपला हात पडद्यावर उशिरा हलताना पाहणारा रुग्ण 'अजून जमत नाही' असे मनाशी धरून बसू शकतो. अशा वेळी एक सेटिंग तपासणे हा उपचाराचाच भाग मानायला हवा.

सबब की न्याय?

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. 'नाचता येईना अंगण वाकडे' ही म्हण मराठी माणसाच्या ओठांवर असते. टीव्हीवर खापर फोडायची सोय झाली, तर सराव कोण करणार? हा आक्षेप अर्धा बरोबर आहे. उत्तम टीव्हीने कुणी नेमबाज होत नाही. बुद्धिबळासारख्या किंवा सावकाश चालणाऱ्या गोष्टीरूप गेममध्ये या उशिराने फारसे अडत नाही. इंटरनेटच्या संथपणाने होणारे नुकसान वेगळे असते, आणि गेम मोडने ते भरून निघत नाही. पण कधीकधी अंगण खरोखरच वाकडे असते. ते मोजायला पाणसळ उपलब्ध असताना नाचणाऱ्यालाच बोल लावणे हा आळस आहे.

मैदानी खेळांनी हे केव्हाच मान्य केले आहे. मोठ्या स्पर्धांत धावपटूंच्या प्रत्येक ब्लॉकमागे ध्वनिक्षेपक असतो. बंदुकीचा आवाज पहिल्या मार्गिकेकडून आठव्या मार्गिकेपर्यंत हवेतून जायला साधारण ३० मिलिसेकंद लागतात, आणि तेवढाही अन्याय नको म्हणून ही सोय. आवाजानंतर १०० मिलिसेकंदांच्या आत पाय हलला, तर ती चुकीची सुरुवात ठरते. ज्या अवधीच्या आत माणसाचे शरीर खरा प्रतिसाद देऊच शकत नाही असे धावण्याच्या नियमांनी धरले आहे, तेवढा अवधी दिवाणखान्यातला टीव्ही गुपचूप खाऊन टाकतो. २०२३ मध्ये हांगझोऊ येथे झालेल्या आशियाई क्रीडा स्पर्धेत ई-स्पोर्ट्स पदकांचा खेळ होता. गल्लीतल्या गेमिंग पार्लरमध्ये प्रवेश शुल्क घेऊन स्पर्धा भरवताना मात्र दोन खेळाडूंचे टीव्ही सारख्या मोडमध्ये आहेत का, हे बघायचे अनेकदा कुणाला सुचत नाही.

गेम बनवणाऱ्यांनाही हा उशीर ठाऊक आहे. संगीताच्या तालावर बटणे दाबायच्या गेममध्ये टीव्हीचा उशीर मोजून घेण्याची सोय असते. २००८ सालच्या 'रॉक बँड २'च्या गिटारमध्ये तर त्यासाठी प्रकाश टिपणारा सेन्सर बसवला होता. गाणे आधीपासून ठरलेले असते, त्यामुळे उशिराइतकी सूट देऊन हिशेब जुळवता येतो. नेमबाजीत समोरचा पुढच्या क्षणी काय करेल, हे ठरलेले नसते. तिथे अशी सूट देता येत नाही. उशीर कमी करणे हाच उपाय उरतो.

खोक्यावर काय हवे?

टीव्हीच्या खोक्यावर आज बरेच आकडे असतात. त्यातला 'रिस्पॉन्स टाइम' म्हणजे पडद्यावरचा एक ठिपका रंग बदलायला किती वेळ घेतो तो. त्याचा इनपुट लॅगशी थेट संबंध नाही. 'रिफ्रेश रेट' म्हणजे सेकंदाला किती वेळा चित्र नव्याने उमटते तो. दोन्ही आकडे उत्तम असूनही टीव्ही १०० मिलिसेकंद मागे असू शकतो. ज्या कंपन्या उशिराचा आकडा देतात, त्या बहुधा गेम मोडमधला सर्वांत कमी आकडा देतात. खोके उघडल्यावर टीव्ही ज्या मोडमध्ये सुरू होतो, त्यातला आकडा ग्राहकाला क्वचितच कळतो.

विजेच्या वापराचे तारे टीव्हीवर चिकटवलेले असतात, कारण वीज किती लागते हे दुकानात बघून कळत नाही. इनपुट लॅगही बघून कळत नाही. मग ठरलेल्या एकाच पद्धतीने, पडद्याच्या मध्यावर मोजलेले दोन आकडे, एक नेहमीच्या मोडचा आणि एक गेम मोडचा, खोक्यावर छापायला काय हरकत आहे? हे मोजणारी यंत्रे आहेत, कंपन्यांकडे आकडेही असतात. एचडीएमआय २.१ या मानकात तर कन्सोल जोडताच टीव्हीने स्वतःहून कमी उशिराच्या मोडमध्ये जाण्याची तरतूद आहे. ती असलेल्या टीव्हीत ही सोय कारखान्यातूनच चालू करून द्यायला हवी. ग्राहकाने मेनूच्या चौथ्या पानावर जाऊन ती शोधावी, ही अपेक्षा बरी नव्हे.

तोवर घरच्या घरी पडताळा घेता येतो. सेकंदाला २४० चित्रे टिपणारा स्लो मोशन कॅमेरा आज बऱ्याच फोनमध्ये असतो. कंट्रोलरवरचे बोट आणि टीव्हीचा पडदा एकाच चौकटीत येतील असा फोन ठेवावा, बटण दाबावे आणि बोट टेकल्यापासून पडद्यावर हालचाल दिसेपर्यंतची चित्रे मोजावीत. एक चित्र म्हणजे सुमारे चार मिलिसेकंद. हेच पाच-सहा वेळा नेहमीच्या मोडमध्ये आणि तितक्याच वेळा गेम मोडमध्ये करावे. एकूण आकड्यात कन्सोल आणि गेमचा वेळही असतो, पण दोन सरासऱ्यांमधला फरक टीव्हीच्या खात्यातला. तो २४ चित्रांचा निघाला, तर १०० मिलिसेकंद सापडले. गेम मोडमध्ये चित्र आधी थोडे फिके वाटेल. रंग आणि उजेड नंतर हाताने जुळवता येतात. काही टीव्हींत हा मोड प्रत्येक एचडीएमआय जोडणीसाठी वेगळा चालू करावा लागतो, तेही बघावे. ब्लूटूथ हेडफोनचा आवाजही मागे पडतो, म्हणून नेमबाजीसाठी वायरचा बरा.

एवढे करूनही नेम हुकत राहिला, तर सराव वाढवावा. डोळे जड होत असतील, डोके दुखत असेल, तर खुशाल डोळे तपासून घ्यावेत. गेम मोड हा त्यावरचा इलाज नाही. पण क्रम तेवढा पाळावा. दहा मिनिटांची ही मोजणी आधी, आणि मुलाच्या हाताबद्दल किंवा बाबांच्या वयाबद्दलचे मत नंतर.